पहिल्या टाकोची तयारी

तुम्ही घरी टाको, म्हणजे पातळ पोळीत सारण भरून घडी घालून खायचा मेक्सिकन पदार्थ, करून पाहणार आहात, हे उत्तमच. मात्र पहिल्या वेळी मक्याच्या टॉर्टियाच्या, म्हणजे टाकोसाठीच्या मक्याच्या पोळीच्या, मागे लागू नका. मेक्सिकोत त्यासाठी मका चुना घातलेल्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग दळतात, म्हणून त्या पिठाला चिकाटी येते. बेळगावच्या बाजारात मिळणाऱ्या साध्या मक्याच्या पिठाची पोळी घडी घालताच तुटते. उत्तर मेक्सिकोत गव्हाच्या टॉर्टियाही सर्रास खातात, तेव्हा तळहाताएवढ्या पातळ पोळ्या भाजून स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात.

खरी चूक होते ती मांसात. आपला हात सवयीने रश्श्याकडे वळतो, आणि रस्सा टाकोत घातला की तो थेट कोपरापर्यंत ओघळतो. बोनलेस चिकनचे किंवा आधी मऊ शिजवलेल्या मटणाचे बारीक तुकडे घ्या. त्यांना रंगासाठी ब्याडगी मिरची, तिखटपणासाठी थोडीशीच संकेश्वरी मिरची, जिरे, लसूण, मीठ आणि लिंबाचा रस लावा, आणि तवा चांगला तापल्यावर थोडे थोडे टाकून कडा खरपूस होईपर्यंत परता. सगळे एकदम टाकल्यास पाणी सुटते आणि मांस भाजण्याऐवजी उकडते.

साल्सासाठी, म्हणजे मांसावर घालायच्या आंबट-तिखट कोशिंबिरीसाठी, अननस किंवा किंचित कच्चट आंबा घ्यावा, कारण पूर्ण पिकलेल्या हापूसचा लगदा होतो. फळ, कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर आधी चिरून ठेवली तरी चालेल. मीठ आणि लिंबू मात्र वाढतानाच घाला. चीज आणि बाटलीतल्या सॉसचा विचार तूर्त नको.