फौजदारांनी गेटवरच्या वहीत नाव लिहायचे की नाही?

प्रश्न : मी ६२ वर्षांचा असून जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंग कारखान्यात सुरक्षा एजन्सीमार्फत रात्रपाळीचा वॉचमन आहे. हंगामात आवारात कापसाच्या गंज्या उघड्यावर असतात, म्हणून पेटती बिडी-सिगारेट घेऊन कोणासही आत सोडू नये, अशी मालकांची ताकीद आहे. नुकतेच एका रात्री एक फौजदार रस्त्यावरील मोटारसायकल चोरीच्या तपासासाठी कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) मागण्यास आले. मी त्यांना सिगारेट विझवण्याची व वहीत नाव लिहिण्याची विनंती केली. ‘पोलिसाले वही दाखवतो का रे?’ म्हणत ते संतापले. माझा खाकी गणवेश बेकायदेशीर असल्याचे सुनावून त्यांनी ओळखपत्र काढून घेतले आणि सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा नोंदवण्याची धमकी देत मला सकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवले. ओळखपत्र अद्याप परत मिळालेले नाही. माझे काय चुकले?
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : सिगारेटबाबत आपले काहीही चुकले नाही. कापसाच्या आवारात ठिणगी रोखणे हे आपले पहिले काम आहे आणि ते खाकी वर्दीसमोरही बदलत नाही.

गणवेशाबद्दल मात्र फौजदारांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. खाजगी सुरक्षा एजन्सींविषयीच्या २००५ च्या कायद्यातील कलम २१ नुसार पोलिसांचा किंवा तसा भासणारा गणवेश घातल्यास रक्षक आणि एजन्सीचा मालक या दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कपडे एजन्सीने दिले असले तरी अंगावर ते आपल्या आहेत, म्हणून वेगळ्या रंगाचा गणवेश आजच लेखी मागा. वयाची चिंता नको. त्याच कायद्यात रक्षकासाठी ६५ वर्षांची मर्यादा आहे.

आता वही. तपासासाठी आलेल्या अधिकाऱ्याने तिच्यात नाव लिहिलेच पाहिजे, असा आग्रह आपल्याला धरता येणार नाही; पण नम्रपणे विचारणे म्हणजे अडथळा नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ मध्ये जाणूनबुजून केलेला अडथळा अभिप्रेत आहे, आणि फाटक अडवून धरले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. साहेबांनी लिहिले नाही, तर त्यांच्या छातीवरील पट्टीवरचे नाव, गाडीचा क्रमांक आणि वेळ आपणच टिपून ठेवावी. डीव्हीआर मालकांचा असल्याने त्यांना लगेच फोन करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाण्याचे प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने वस्तू मागवू शकतात आणि संशयित मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार कलम १०६ मध्ये आहे. मात्र जप्तीचे चित्रीकरण कलम १०५ नुसार करावे लागते आणि तिची यादीही तयार करावी लागते.

खरी गंभीर बाब रात्रभर बसवून ठेवण्याची आहे, आणि आपण ती ओझरती सांगितली याचे मला नवल वाटते. साक्षीदाराला बोलावण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७९ नुसार लेखी आदेश लागतो, आणि ६० वर्षांवरील पुरुषाला राहत्या जागेखेरीज इतरत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. आरोपी म्हणून नेले असेल, तर अटकेची नोंद किंवा कलम ३५ ची नोटीस हवी होती. आपल्याकडे यांपैकी काहीच दिसत नाही.

म्हणून जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज करावा, त्यात दमदाटीच्या वर्णनापेक्षा वेळा अधिक लिहाव्यात, ओळखपत्र परत मागावे आणि प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण जपण्याचा आदेश दिलेला आहे. त्या रात्रीचे चित्रण राखून ठेवावे, ही मागणी त्याच अर्जात करावी आणि उशीर करू नये. एजन्सीलाही एक प्रत द्यावी, कारण नवे ओळखपत्र देण्याची जबाबदारी तिचीच आहे.