पिशवी काढली म्हणजे नेमकी कुठली?

प्रश्न : सिस्टर, सासूबाईंच्या पोटात खडे होते म्हणून मागच्या महिन्यात दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणले पिशवी काढली. आता गल्लीतल्या बायका विचारायलेत की ह्या वयात गर्भाची पिशवी कशाला काढली, आणि ते ऐकून सासूबाईच घाबरल्यात. डिस्चार्ज कार्डावर लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी असं लिहिलंय. ह्याचा अर्थ काय? आणि खडेच काढायचे होते तर अख्खी पिशवी कशाला? शेंगाची चटणी कधीपासून द्यायची ते पण सांगा.
– एक सूनबाई, जुळे सोलापूर

उत्तर : वहिनी, आधी सासूबाईंना सांगा की ह्या ऑपरेशनमध्ये गर्भाच्या पिशवीला हातसुद्धा लागलेला नाही. काढलीय ती पित्ताची पिशवी, लिव्हरच्या खाली उजव्या बाजूला असते ती. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत नुसतं 'पिशवी काढली' म्हणलं की सगळ्यांच्या डोक्यात गर्भाचीच पिशवी येते, वॉर्डात ह्यावरून झालेली रडारड मी कित्येकदा बघितलीय, आणि डॉक्टरांना 'पित्ताची' एवढा एक शब्द जास्त बोलायला काय होतं मला अजून कळलेलं नाही. गर्भाची काढली असती तर कार्डावर हिस्टरेक्टॉमी आलं असतं.

आता तो लांबलचक शब्द. सगळा ग्रीक आहे. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, आणि शेवटचं एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढून टाकणं. पुढचं लॅपरोस्कोपिक म्हणजे पोटात दुर्बीण घालून, बघत बघत. बेंबीपाशी आणि वरच्या बाजूला अर्धा ते एक सेंटीमीटरची तीन-चार भोकं पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात म्हणजे आत काम करायला जागा होते, पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून कापतात आणि मग पिशवी लिव्हरपासून सोडवून खड्यांसकट एका भोकातून ओढून घेतात. दोन दिवस खांदा दुखतो असं पेशंट म्हणतात आणि घरचे म्हणतात ऑपरेशन पोटाचं, खांदा कसा दुखतो, तर तो त्या गॅसमुळे.

अख्खी पिशवी का, ह्याचं कारण असं की खडे त्या पिशवीतच तयार होतात. नुसते खडे काढून पिशवी तशीच ठेवली तर परत होतात. पित्त बनवतं लिव्हर, पिशवी नुसती साठवते, तेही जेमतेम ३० ते ५० मिली. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही म्हणून टाकी लागते, लिव्हरचं तसं नाही, ते चोवीस तास पित्त सोडतं, त्यामुळे टाकी काढली तरी पित्त थेट आतड्यात जात राहतं आणि माणसाचं काही अडत नाही. पोट फाडून ही पिशवी पहिल्यांदा काढली ती बर्लिनला लांगेनबुख ह्या सर्जननी १८८२ साली. दुर्बिणीतून १९८५ ला जर्मनीतच, आणि भारतात १९९० ला मुंबईच्या जेजेमध्ये डॉ. तेहेमतन उडवाडियांनी.

चटणीचं म्हणाल तर पहिले काही आठवडे तेलकट, तळकट कमीच ठेवा, जास्त झालं तर जुलाब लागतात. मग थोडी थोडी देऊन बघा, सोसली तर चालू द्या. भाकरीबरोबर चमचाभर, वाटीभर नाही. पण ताप आला, डोळे पिवळे दिसायला लागले, पोट जास्त दुखायला लागलं तर पथ्यपाणी बघत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : भावाला मुतखडा होता, त्याच्या कार्डावर नेफ्रोलिथोटॉमी आहे. म्हणजे किडनी काढली का? घरात कुणी काही सांगंना.
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : नाही हो. एक्टॉमी असेल तर काढून टाकलं, नुसतं ऑटॉमी असेल तर चीर दिली, काम केलं आणि अवयव जागेवर ठेवला. लिथो म्हणजे दगड. भावाचा खडा काढलाय, किडनी आहे तिथंच आहे. किडनी काढली असती तर नेफ्रेक्टॉमी लिहिलं असतं. ऑस्टॉमी दिसलं तर मात्र वेगळं, स्टोमा म्हणजे तोंड, म्हणजे नवीन वाट करून दिली, जसं श्वासासाठी गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी. प्लास्टी म्हणजे आकार देणं, अँजिओप्लास्टीत तर छाती कापतच नाहीत, मनगटातून नाहीतर जांघेतून तार घालून आत फुगा फुगवतात. आणि पुरुषांच्या नसबंदीला व्हॅसेक्टॉमी म्हणतात तिथं एक्टॉमी बघून घाबरून जाऊ नका, नळीचा बारीकसा तुकडा जातो, बाकी सगळं जिथल्या तिथं.

प्रश्न : सुश्रुताचं छेदन आणि भेदन एकच ना? दोन्ही कापणंच.
– आयुर्वेदाचा विद्यार्थी, पंढरपूर

उत्तर : एकच असतं तर सुश्रुतांनी दोन वेगळी नावं कशाला दिली असती? आठ शस्त्रकर्मं आहेत, छेदन, भेदन, लेखन, वेधन, एषण, आहरण, विस्रावण आणि सीवन. छेदन म्हणजे कापून वेगळं करणं, वरच्या उत्तरातलं एक्टॉमी. भेदन म्हणजे चीर देऊन उघडणं, गळू फोडतात तसं. लेखन म्हणजे खरवडणं, लिहिणं नव्हे. मला सगळ्यात आवडतो तो सरावाचा भाग. छेदन शिकायला कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी, आणि भेदनाला पाणी-चिखल भरलेली कातडी पिशवी, म्हणजे किती दाबलं की वरचा थर फुटतो आणि आतलं बाहेर येतं ते हाताला कळावं. शिवण्याचा सराव कापडावर आणि मऊ कातड्यावर. आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांना हा फरक शिकवायला लागत नाही, एप्रिलची खरड छाटणी वेगळी आणि ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी, कात्री तीच पण कुठल्या डोळ्यावर मारायची त्यावर पीक ठरतं.

प्रश्न : सीटी स्कॅनमधला टी पण कापण्याचाच का?
– बारावी सायन्स, शेळगी

उत्तर : हो. टोमोग्राफी, टोमोस म्हणजे काप. शरीराला सुरी न लावता एकेका कापाचा फोटो. अ‍ॅनाटॉमीतला टॉमी पण तोच, कारण माणूस आतून कसा आहे हे चिरफाड करूनच कळलं. आणि अ‍ॅटम म्हणजे जो आणखी कापता येत नाही तो. पुढं तोही फुटला, पण नाव काय बदललं नाही.

प्रश्न : ज्युलियस सीझर असाच जन्मला म्हणून सिझर म्हणतात, खरं का?
– एक आजी, बाळीवेस

उत्तर : आजी, ही गोष्ट काही पटत नाही. त्या काळी बाईचं पोट कापलं की ती वाचायची नाही, आणि सीझरची आई ऑरेलिया तर पोरगा मोठा होऊन लढाया मारत होता तोवर जिवंत होती. लॅटिनमध्ये कापण्याला काएडेरे म्हणतात, बरेच जण शब्दाची वाट तिकडून सांगतात. नातसुनेचं सिझर झालं असेल तर रोमचं राहू द्या, टाक्याला ओल लागू देऊ नका.