सेंद्रिय शेतीचे जनक तरी किती?

गेल्या अंकात सेंद्रिय आणि रिजनरेटिव्ह (म्हणजे माती सुधारत नेणाऱ्या) शेतीवर चार ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरून गेला. बहुतेक प्रश्न माणसांबद्दल आहेत, म्हणजे कुणाचं ऐकायचं, कोण खरा, कोण नुसताच बोलतो असे. निवडक घेतलेत. सारखे होते ते एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न: ताई, सेंद्रिय शेतीचे जनक नेमके कोण? एका व्हिडिओत हॉवर्ड, दुसऱ्यात स्टायनर, तिसऱ्यात फुकुओका. आमच्या ग्रुपवर यावरून भांडणं झाली.

उत्तर: भांडणं थांबवा, कारण बाप एक नाहीये. नुसता शब्दच विचारत असाल तर इंग्रजीतला 'ऑरगॅनिक फार्मिंग' हा शब्द १९४० मध्ये लॉर्ड नॉर्थबोर्न या इंग्रज शेतकऱ्याच्या पुस्तकात आला, शेत म्हणजे एक जिवंत देह आहे या अर्थाने. रुडॉल्फ स्टायनर या तत्त्वज्ञाची शेतीवरची १९२४ ची भाषणं त्याच्याही आधीची. पण कामाच्या बाबतीत सगळ्यात जास्त मान अल्बर्ट हॉवर्डला मिळतो आणि तो बऱ्यापैकी योग्यच आहे. हा माणूस १९०५ मध्ये इंग्रज सरकारचा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधल्या पुसाला आला, आला होता शिकवायला आणि तिथल्या शेतकऱ्यांकडे बघून स्वतःच शिकायला लागला. शेतकरी आणि कीड हेच आपले प्रोफेसर असं तो पुढे लिहीत राहिला. कीड पडली की औषध शोधण्याआधी तो विचारायचा, या झाडाचं किंवा या मातीचं काय बिघडलंय की कीड इथेच आली?

मग १९२४ ते १९३१ इंदूर. तिथे बसलेली कंपोस्टची पद्धत आजही 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर ओळखतात. काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती, थोडी राख असे थर, खड्डा जेमतेम दोन फूट खोल म्हणजे आत हवा खेळती राहावी, मध्ये मध्ये पलटी आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. उकिरडा वर्षभर कुजत ठेवण्यापेक्षा हे फारच वेगळं होतं.

आता माझी तक्रार ऐका. या पद्धतीवरचं १९३१ चं मूळ पुस्तक बघितलं तर त्यावर लेखक दोन आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हो, वाड! मराठी कानाला नाव लगेच ओळखीचं वाटतं ना? पण 'जनक' म्हणताना हे दुसरं नाव कुणी घेतच नाही. आणि हॉवर्डची पहिली बायको गॅब्रिएल, ती स्वतः केंब्रिजची वनस्पतिशास्त्रज्ञ, पुसाच्या गव्हाच्या जातींचं काम दोघांनी मिळून केलं, कित्येक निबंधांवर दोघांची नावं आहेत. ती १९३० मध्ये गेली आणि नंतर 'सर अल्बर्ट' तेवढे उरले. तर ग्रुपवर पुढच्या वेळी वाद झाला की वाड आणि गॅब्रिएल ही दोन नावं टाका, थोडा वेळ तरी शांतता मिळेल.

प्रश्न: म्हणजे यात बायका होत्याच की. अजून कुणी?

उत्तर: भरपूर, पण पटकन दोघींबद्दल सांगते. इव्ह बाल्फर, इंग्लंडची, पहिल्या महायुद्धाच्या काळात शेतीचं कॉलेज शिकलेल्या अगदी सुरुवातीच्या मुलींपैकी एक. तिने १९३९ मध्ये सफोकमधल्या हॉली इथे शेताचे भाग पाडून वर्षानुवर्षं तुलना चालवली, एकीकडे पूर्ण सेंद्रिय, दुसरीकडे रसायनांसह. 'मला वाटतं' यावर न थांबता शेजारी-शेजारी लावून बघायचं, हे या चळवळीत तिच्यामुळे आलं. १९४६ मध्ये ब्रिटनची सॉइल असोसिएशन ही सेंद्रिय शेतीची संस्था उभी राहिली त्यातही तीच पुढे. दुसरी ॲना प्रिमावेसी, जन्म ऑस्ट्रियाचा आणि काम ब्राझीलमध्ये. उष्ण प्रदेशातली माती युरोपच्या मातीसारखी वागवू नका, तिला उघडी टाकू नका, हे तिने अख्ख्या पिढीला शिकवलं. शंभरीला टेकून २०२० मध्ये गेली.

प्रश्न: सेंद्रिय आणि रिजनरेटिव्ह एकच का? की नवीन नाव देऊन जुनाच माल?

उत्तर: थोडं थोडं दोन्ही, खरं सांगायचं तर. 'रिजनरेटिव्ह' हा शब्द शेतीत रुजवला अमेरिकेच्या रॉबर्ट रोडेलने, १९८० च्या दशकात. त्याचे वडील जे. आय. रोडेल, त्यांनी हॉवर्डचं वाचून १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं होतं. मुलाचं म्हणणं असं की नुसतं विष टाकलं नाही एवढ्यावर समाधान कसलं, दरवर्षी माती आधीपेक्षा चांगली व्हायला पाहिजे.

सेंद्रियला कायद्यात व्याख्या आहे, सर्टिफिकेट आहे, काय चालतं काय नाही याची यादी आहे. रिजनरेटिव्हला बहुतेक ठिकाणी असं काहीच नाही, त्यामुळे कुणीही पाकिटावर छापतो. उलट बाजूही आहे, सेंद्रियवाला रसायन टाकत नाही पण तण काढायला रान सारखं नांगरत असेल तर मातीची घडण मोडतेच. आणि रिजनरेटिव्हवाला नांगरत नाही पण कधीमधी तणनाशक मारतो.

गेब ब्राउनचंच घ्या, नॉर्थ डकोटाचा शेतकरी, आज या चळवळीचा सगळ्यात गाजलेला चेहरा. १९९३ मध्ये नांगरट बंद केली आणि मग ९५ ला गारपीट, ९६ ला गारपीट, ९७ ला दुष्काळ, ९८ ला परत गारपीट! खतं-औषधं घ्यायला पैसेच उरले नाहीत, बँकही हात आखडायला लागली, मग झोपलेलं पीक रानातच राहिलं, मिश्र पिकं पेरली, जनावरं फिरवली आणि काही वर्षांत बघतो तर मातीत गांडुळं दिसायला लागलेली. सेंद्रिय घटक दोन टक्क्यांच्या आतून पाचच्या वर गेले असं तो सांगतो. त्याची सूत्रं सोपी आहेत, माती कमी हलवा, उघडी ठेवू नका, एकच पीक नको, जिवंत मूळ जमिनीत जास्तीत जास्त दिवस राहू द्या आणि जनावरं शेताशी जोडा. पण हा माणूस स्वतःला सेंद्रिय म्हणवत नव्हता, तणनाशक पूर्ण सोडलेलं नाही हे उघड सांगायचा. मला हे आवडतं, बाकीचे झाकतात.

प्रश्न: मी फुकुओकांचं वाचून भारावलो आणि जुन्या बागेत छाटणी, फवारणी सगळं बंद केलं. दोन वर्षांत अर्धी झाडं गेली. घरचे हसतात. 'काहीच करू नका' हे खोटं आहे का?

उत्तर: दादा, वाईट वाटलं वाचून, पण तुम्ही एकटे नाही, हे स्वतः फुकुओकांच्या बाबतीत झालंय! जपानच्या शिकोकू बेटावरचे मासानोबू फुकुओका, झाडांच्या रोगांचे अभ्यासक, पंचविशीत नोकरी सोडून घरी आले, वडिलांनी संत्रावर्गीय फळांची बाग ताब्यात दिली आणि यांनी निसर्गावर सोडून देतो म्हणत छाटणी बंद केली. फांद्या एकमेकींत घुसल्या, कीड लागली, झाडं मेली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यातून त्यांना कळलं ते असं की ज्या झाडाला आधी माणसाने छाटून छाटून वळण लावलंय ते अचानक सोडलं तर ती नैसर्गिक शेती होत नाही, ते वाऱ्यावर सोडणं होतं. झाड रोपापासूनच त्याच्या नैसर्गिक आकारात वाढलं असेल तरच त्याला एकटं सोडता येतं.

आणि 'काहीच न करणे' याच्या पोटात किती काम होतं ते बघा, मातीच्या गोळ्यांत बी घालून पेरणं, भात उभा असतानाच क्लोव्हर (एक शेंगवर्गीय चारा) आणि पुढच्या धान्याचं बी टाकणं, कापणीनंतर सगळा पेंढा परत शेतात पसरणं, आणि हे कोणत्या दिवशी करायचं ते ठरवायला घालवलेली कितीतरी वर्षं. १९८८ मध्ये मॅगसेसे मिळाला तोपर्यंत पन्नास वर्षं झाली होती त्या बागेला. उरलेल्या झाडांची हलकी छाटणी परत सुरू करा, खाली आच्छादन ठेवा, आणि नवीन रोपं लावाल ती वेगळ्या पद्धतीने वाढवा. घरच्यांना हसू द्या.

प्रश्न: हे सगळे नेते एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. कंपोस्ट करा, कंपोस्ट करू नका, शिंगात शेण भरा, जनावरं चरू द्या, चरू देऊ नका. सामान्य माणसाने करायचं काय?

उत्तर: बरोबर पकडलंत. हॉवर्डचं सगळं घर कंपोस्टवर उभं आणि नैसर्गिक शेतीवाले आपले सुभाष पाळेकर (पद्मश्री २०१६) कंपोस्टला, गांडूळखताला आणि 'सेंद्रिय शेती' या शब्दालाही विरोध करतात. त्यांचा भर जीवामृतावर, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ, मूठभर माती, हे खत म्हणून नाही तर जिवाणूंचं विरजण म्हणून. विरजणाची ही उपमा मला पटते. पण म्हणून शेणखत विष होतं का? नाही होत.

स्टायनर तर शेतकरी नव्हताच, तत्त्वज्ञ. १९२४ ला आताच्या पोलंडमधल्या कोबरवित्झला आठ भाषणं दिली आणि पुढच्याच वर्षी गेला. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं ही पद्धत तिथूनच आली. बायोडायनॅमिक, म्हणजे स्टायनरच्या पद्धतीची, शेतं अनेकदा चांगली दिसतात, पण पिकांची फेरपालट, कंपोस्ट, जनावरं हे सगळं तिथे असतंच, मग त्यात नेमका शिंगाचा वाटा किती हा प्रश्न मी तरी सोडणार नाही.

ॲलन सेव्हरीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आताच्या झिम्बाब्वेतला हा जीवशास्त्रज्ञ, तरुणपणी त्याने अहवाल दिला की हत्ती जास्त झालेत म्हणून माळरान उजाड होतंय, तज्ज्ञांनी मान डोलावली आणि पुढच्या काही वर्षांत चाळीस हजार हत्ती मारले गेले. माळरान सुधारलं नाही, आणखी बिघडलं. हे त्याने स्वतः २०१३ च्या गाजलेल्या भाषणात सांगितलं, आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणून. त्यातून त्याचं उलटं मत झालं की कळप दाटीने चरून पुढे सरकत राहिले तर गवत सुधारतं. याचा फायदा झालेले पशुपालक आहेत. पण त्याच भाषणात चराईने हवामानबदल उलटवता येईल असा जो सूर आहे त्याला बऱ्याच शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला, आणि तेवढा पुरावा नाही.

मी काय करते? कोण कुठल्या मातीत, किती पावसात उभा राहून बोलतोय ते आधी बघते. मग चार ओळींत करून बघते, शेजारच्या चार ओळी नेहमीसारख्या ठेवून. बाल्फरबाईंनी शिकवलेलं आहे ते, फुकट आहे.

प्रश्न: सरकारनेच एकदम रसायनं बंद केली तर?

उत्तर: श्रीलंकेने केलं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी रासायनिक खतांची आयात बंद केली, शेतकऱ्यांकडे ना पुरेसं कंपोस्ट ना माहिती, नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला, भाताचं उत्पादन पडलं ते पडलंच. डॉलरची चणचण हेही त्यामागे होतं म्हणतात, म्हणजे शेतीपेक्षा तिजोरीची काळजी.

आंध्र प्रदेशने नैसर्गिक शेतीकडे वळायला वेगळा रस्ता घेतला. २०१६ च्या आसपासपासून टी. विजयकुमार या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने, बचत गटांतल्या बायकांमार्फत, आणि शिकवणारे म्हणून आधी करून बघितलेले शेतकरीच. कुणावर बंदी नाही, वर्षाला थोडं थोडं. २०२४ चा गुलबेंकियन पुरस्कार या कार्यक्रमाला मिळाला, मातीतल्या कार्बनचे अभ्यासक रतन लाल आणि इजिप्तची सेकेम संस्था यांच्या जोडीने.

प्रश्न: जे. आय. रोडेल टीव्हीवर बोलता बोलता वारले हे खरं का? की व्हॉट्सॲपचं?

उत्तर: खरं आहे हो. जून १९७१, अमेरिकी टीव्हीवरच्या डिक कॅव्हेटच्या गप्पांच्या शोचं रेकॉर्डिंग, वय ७२. आपण शंभर वर्षं जगणार असं ते सांगत असत. तो भाग कधी दाखवलाच नाही. मुलगा रॉबर्ट १९९० मध्ये मॉस्कोत अपघातात गेला, तिकडे शेतीचं मासिक सुरू करायला गेला होता. रोडेल कुटुंबाच्या संस्थेने १९८१ मध्ये पेनसिल्व्हेनियात सेंद्रिय आणि रासायनिक शेताची शेजारी-शेजारी तुलना सुरू केली होती, ती अजून चालू आहे.