नियंत्रक नव्हे, नियामक

एका वाचकाचा प्रश्न : 'प्रोस्टेट कर्करोगाच्या वाढीत संप्रेरक-ग्राहक नियंत्रक प्रथिनांची भूमिका' या शीर्षकात 'ग्राहक' हवं की 'ग्राही'?

'ग्राही', म्हणजे पेशीतलं संप्रेरक धरणारं प्रथिन. ग्राहक दुकानात असतो.

खरा घोळ 'नियंत्रक'नं घातलाय आणि तो हल्ली जिथे तिथे दिसतो. रोगनियंत्रण, गर्दीनियंत्रण ऐकलेल्या मराठी कानाला नियंत्रण म्हणजे आटोक्यात ठेवणं. मग ही प्रथिनं कर्करोगाला लगाम घालतात, असंच वाचणारा समजणार! एनकॉर आणि स्मर्ट ही प्रथिनं ग्राहीचं काम दाबतात, हे खरं. पण एसआरसी-३ आणि पी३०० ही प्रथिनं त्याच ग्राहीला जोर देतात, आणि गाठ वाढते ती त्या जोरावर. दोघांना सामावणारा शब्द 'नियामक'. विद्युत नियामक आयोग दर वाढवतोही, उतरवतोही.

'दोन्ही शब्द यम् धातूचेच, मग भांडण कसलं?' असं काही संस्कृतज्ञ विचारतात. धातू एक म्हणून अर्थ एक, हा हिशेब लावला तर संयम आणि यंत्रही एकच ठरतील. त्यांनी अमरकोशाचा वारिवर्ग, म्हणजे पाण्याविषयीचा भाग, उघडावा : 'नियामकाः पोतवाहाः'. नियामक म्हणजे जहाज हाकणारा! पालीतही तोच अर्थ. जातककथेतला आंधळा सुप्पारक भडोचच्या नियामकांचा मुखिया होता, आणि सुप्पारक हे आपल्या सोपाऱ्याचंही पाली नाव. हा अर्थ पश्चिम किनाऱ्यावरच्या खलाशांत रुजला असावा, असा माझा तर्क आहे. आज मराठीत मात्र 'नियमन करणारा' एवढाच कोरडा अर्थ उरलाय.

अँड्रोजन ग्राहीच्या, म्हणजे पुरुषी संप्रेरकं धरणाऱ्या ग्राहीच्या, बाबतीत तर जहाज हाकणाऱ्याचा अर्थच चपखल बसतो. संप्रेरक नसताना तो पेशीद्रवात एचएसपी९० या मदतनीस प्रथिनाच्या आधारानं थांबतो. टेस्टोस्टेरॉन किंवा त्यापासून बनलेलं डीएचटी चिकटलं की केंद्रकात जातो, जोडीनं डीएनएवर बसतो. तिथून पुढची दिशा सोबतची प्रथिनं ठरवतात. बायकॅल्युटामाइड हे ग्राही अडवणारं औषध. पण ग्राहीची संख्या फार वाढली आणि भोवती जोर देणारी प्रथिनं जमली, तर तेच औषध ग्राहीला चालना देऊ लागतं. म्हणून ते थांबवल्यावर काही रुग्णांचं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या गाठीचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन, उतरतं. 'नियंत्रक' म्हणून हे समजावून दाखवा!

स्पॉप हे आणखी एक नियामक. ते ग्राहीवर आणि एसआरसी-३वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण करून त्यांना मोडीत काढायला लावतं. प्रोस्टेटच्या सुमारे १० टक्के प्राथमिक गाठींत स्पॉपच्या जनुकातच बिघाड असतो. मग खूण होत नाही आणि ग्राही साचत जातो. एआर-व्ही७ या ग्राहीच्या अपुऱ्या रूपाला तर संप्रेरक धरणारं टोकच नसतं, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखाली आणलं तरी ते चालूच राहतं. अशा रूपाला 'संप्रेरक-ग्राही' तरी कसं म्हणायचं, हा प्रश्न उरतोच.