‘आई, वाचल्यावर प्रश्न विचारणार का?’

परदेशात राहणाऱ्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा ९ वर्षांचा. शाळेनं रोज २० मिनिटं वाचून नोंदवहीत लिहायला सांगितलंय, खाली पालकांची सही. मुलगा टायमर लावून बसतो आणि तो वाजला की वाक्य अर्धवट टाकून पुस्तक मिटतो. सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा, तिचा धडा, धड्याखालचा स्वाध्याय. या सगळ्यात आईनं हौसेनं मागवलेलं मराठी गोष्टींचं पुस्तक पुढे केलं, तर त्याचा पहिला प्रश्न, ‘वाचल्यावर प्रश्न विचारणार का?’

ताई, त्याचा हा प्रश्न मला फार लागला. पुस्तकामागून परीक्षा येतेच, हे तो इतक्या लहान वयात शिकलाय.

लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७८ मध्ये वाचनाचे दोन प्रकार मांडले होते. त्यांचंच उदाहरण आहे. मुलानं चुकून काही विषारी प्यायलं, तर आई बाटलीवरचा मजकूर वाचते तो फक्त उतारा शोधायला. शब्द कसे आहेत याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. गोष्ट वाचताना मात्र वाचता वाचता जे मनात होतं, त्यासाठीच वाचायचं असतं. शाळेचं बरंचसं वाचन पहिल्या प्रकारचं. ते वाईट मुळीच नाही. मुद्दा शोधणं, नेमकं उत्तर काढणं मुलांना यायलाच हवं. पण एकाच गोष्टीकडून, एकाच बैठकीत आपण दोन्ही मागतो आणि मूल मार्क मिळतील तेवढंच वाचायला शिकतं.

मराठीच्या बाबतीत परदेशातल्या मुलावर आणखी ओझं असतं, ते आपल्या लक्षात येत नाही. चक्र, ट्रक, सूर्य, तऱ्हा. चार शब्दांत ‘र’ चार रूपांत येतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिहायला एकच, म्हणायला वेगळा. तो कानावर पडलेला नसेल तर कागदावरून कळत नाही. त्यात घरी त्याच्या कानावर पडणारी मराठी ‘बूट काढ’, ‘जेवायला ये’ एवढीच. गोष्टीत मात्र ‘त्याला राहवेना’, ‘ती कासावीस झाली’. एकीकडे जोडाक्षरं सोडवायची, दुसरीकडे अनोळखी मराठी समजून घ्यायची. मग गोष्टीत रमायला उसंत कुठून मिळणार? उलटही होतं. बाराखडी पक्की झालेलं मूल न समजलेला उताराही खणखणीत वाचून दाखवतं, आणि आपण खूश होतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, मराठी गोष्ट सध्या तुम्ही वाचा, त्याला ऐकू द्या. ऐकून त्याला जेवढं समजतं तेवढं स्वतः वाचून अजून समजत नाही, हे अंतर तुमच्या आवाजानं भरून निघेल. माझ्या मुलीच्या वेळी मी शब्दाखाली बोट ठेवून बसायचे आणि दर ओळीला ‘नीट वाच’ म्हणायचे. ती पुढची पानं मोजायची. शेवटी एका रात्री बोट काढलं आणि मीच वाचत सुटले. दोन पानांनंतर ती माझ्या खांद्यावरून पुस्तकात डोकावली आणि म्हणाली, ‘तो म्हातारा खोटं बोलतोय, हो ना?’ स्वाध्यायातल्या कुठल्याही प्रश्नाला तिनं इतकं मनापासून उत्तर दिलं नव्हतं.

बक्षिसांचं म्हणाल तर जपून. १९७३ मध्ये तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगून ते दिलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढू लागली. प्रशस्तिपत्र अचानक मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकली. वाचनाची गोडी अजून लागायचीच आहे, अशा मुलावर हा प्रयोग झालेला नाही, हे खरं. तरीही वाचलेल्या दर पानामागे स्टिकर चिकटवायचा तक्ता भिंतीवर असेल, तर तो काढून टाकावा, असं मला वाटतं.

त्याच्या वयापेक्षा लहान मुलांचं पुस्तक त्यानं उचललं, तर उचलू द्या. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तरी वाचा. आवडलं नाही तर मध्येच सोडू द्या. आपणही सोडतोच की. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, त्याही मोफत. निवड त्याला करू द्या, मुखपृष्ठ बघून केली तरी हरकत नाही. आणि शाळेच्या नोंदवहीत मराठी पुस्तक लिहिलेलं चालेल का, हे शिक्षकांना एकदा विचारून बघा.

आज रात्री त्यानं पुन्हा तोच प्रश्न केला तर ‘नाही’ म्हणा, आणि मग खरंच काही विचारू नका. ‘तात्पर्य काय?’ हेसुद्धा नाही. पहिले काही दिवस गोष्ट संपली की तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील, आता विचारतील म्हणून. तुम्ही दिवा मालवा.