होंडा सीआर-व्हीमागे ओढता येईल असा हलका कॅम्पर ट्रेलर ३००० डॉलरच्या आत घरी कसा बांधावा?

तुम्ही अमेरिकेत राहता, गाडीची ओढण्याची मर्यादा १५०० पाउंड आहे, झोपणारी माणसं दोन आणि मागच्या झाकणाखाली ओटा असलेला टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पर, हवाय, असं धरून सांगतो.

आधी वजनाचा हिशेब मांडा, चित्र नंतर काढा. सामान भरून निघालेला ट्रेलर १००० पाउंडांत बसला पाहिजे. १५०० हा आकडा गाडीत किती माणसं धरून दिलाय ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. माणसं वाढली की मर्यादा खाली येते. शिवाय हायवेवर वजनाइतकाच वाऱ्याचा रेटा इंजिनाला दमवतो, म्हणून खोका ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब ठेवा. त्यात प्रत्येक बाजूची भिंत प्लायच्या एकाच शीटमधून निघते, हाही फायदा.

ढोबळ हिशेब असा: बोल्टने जोडायच्या ४ बाय ८ फुटी किटची, म्हणजे सुट्या भागांत तयार मिळणाऱ्या ट्रेलरची, चौकट २७५ पाउंड, अर्ध्या इंची प्लायची जमीन ४५, त्याच प्लायच्या दोन भिंती ९०, छप्पर ६५, कपाटं आणि ओटा ८०, दारं आणि मागचं झाकण ५०, गादी ३५, बॅटरी-पंखा-वायरिंग ५०, स्टेपनी ३०. झाले ७२०. उरलेल्या २८० मध्ये पाणी, आइसबॉक्स, शेगडी, भांडी, अंथरूण-पांघरूण. ५ गॅलन पाणीच ४२ पाउंड भरतं. बरेच जण भिंतींना पाऊण इंची प्लाय लावतात. त्याने दोन भिंतींतच साधारण ४० पाउंड वाढतात आणि मजबुतीत फारसा फरक पडत नाही, कारण आतली कपाटं आणि आडवी फळी भिंतींना ताठ धरतात.

छपराला दर १२ ते १६ इंचांवर १ बाय २ इंची लाकडाच्या आडव्या पट्ट्या, आतून ३ मिलिमीटर प्लाय, मधे उष्णता अडवणारा एक इंची गुलाबी किंवा निळा फोम, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. पुढची गोलाई १८ इंच त्रिज्येची ठेवलीत तर हा प्लाय न तडकता वळतो. फोमला सॉल्व्हंटवाला गोंद लावू नका, फोम विरघळून आत पोकळी राहते. डब्यावर फोमसाठी चालतो असं लिहिलेलं पाहूनच घ्या. पत्रा परवडत नसेल तर कॅनव्हास लाकडासाठीच्या वॉटरप्रूफ गोंदात भिजवून चिकटवायचा आणि वर घराबाहेरचा लेटेक्स रंग तीन-चार हात मारायचा. स्वस्त पडतं आणि टिकतं, पण दरवर्षी कडा तपासाव्या लागतात.

सर्वांत जास्त घात होतो तो टंग वेटमध्ये, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या (टंगच्या) टोकाचा कपलर गाडीमागच्या गोल बॉलवर जितका भार टाकतो त्यात. तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. तुमच्या बाबतीत १०० ते १५० पाउंड, आणि मॅन्युअलमधल्या टंगच्या मर्यादेच्या आत. किटचा एक्सल ठरलेल्या जागी असतो आणि ओटा, भांडी, आइसबॉक्स सगळं मागे जातं, त्यामुळे पुढचा भार कमी होतो. मग ५५-६० मैलांच्या वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. यावर उपाय बांधतानाच करायचा: बॅटरी, पाणी आणि स्टेपनी पुढे टंगवरच्या पेटीत, मागच्या ओट्यात फक्त हलकं सामान. मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो. सपाट जागी, सगळं सामान भरून, कपलरखाली ठोकळा देऊन काट्यावर टेकवा. उंची बॉलएवढीच हवी. एकूण वजन ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर करून घ्या. तरीही कधी झुललाच, तर ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा.

पाणी शिरतं ते छपराच्या मधून नव्हे, सांध्यांतून: मागच्या झाकणाची बिजागरी, पंख्याची चौकट, छप्पर आणि भिंत मिळतात ती कड. तिथे सिलिकोन अजिबात नको. त्यावर रंग बसत नाही आणि पुढच्या वर्षी दुरुस्ती करताना नवं सिलिकोनही धरत नाही. सांध्यावरच्या प्रत्येक पट्टीखाली ब्युटिल टेप (चिकट रबरी फीत), बाहेरून पॉलियुरेथेन सीलंट. प्लायच्या उघड्या कडांना बसवण्याआधी पातळ इपॉक्सी पाजा. जमिनीची खालची बाजू चौकटीवर ठेवण्याआधीच रंगवा, नंतर हात पोहोचत नाही.

पैशांतले १००० डॉलर चौकट, टायर, दिवे आणि नोंदणीसाठी बाजूला काढा. तयार दारं विकत घेऊ नका. भिंतीतून कापलेला तुकडाच दार होतो. छपरातला पंखा मात्र चांगला घ्या आणि खालून हवा आत यायलाही एक जाळी ठेवा, नाहीतर दोघांच्या श्वासाने सकाळी गादीखाली ओल धरते. शेगडी नेहमी बाहेर. पाऊस असला तरी आत फोडणी नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

किटच्या बेअरिंगमध्ये पुरेसं ग्रीस असेल असं धरून चालू नका; उघडून नव्याने भरा. पहिल्या २० मैलांनंतर थांबून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावा. हात ठेववत नसेल तर ग्रीस कमी आहे किंवा नट जास्त आवळलाय. शक्यतो १२ इंची चाकं घ्या. ८ इंची चाकं त्याच वेगात खूप जास्त फिरतात आणि तापतात. दिवे लुकलुकले तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो: स्क्रूखालचा रंग खरवडून प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थची वायर द्या.

किटबरोबर येणारं निर्मात्याचं मूळ प्रमाणपत्र जपून ठेवा. ते असलं की नोंदणी सोपी होते. चौकट स्वतः वेल्ड केलीत तर अनेक राज्यांत तपासणी करून नवा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) घ्यावा लागतो, म्हणून वाहन खात्याकडे चौकशी प्लाय आणण्यापूर्वीच करा.