सैल टायमिंग चेन: दुरुस्ती करावी, ट्रक विकावा की कर्ज काढावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुना पेट्रोल ट्रक, पुशरॉडचं व्ही-८ इंजिन, सव्वादोन लाख किलोमीटर झालेले. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो, चढावर ओढ राहिलेली नाही, टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) धरला की पुलीवरची खूण एका जागी ठरत नाही. मेकॅनिक म्हणतो, टायमिंग चेन (पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) आणि तिचे दोन्ही गिअर बदला. ट्रक आहे तसा विकून कर्जावर अलीकडचा घ्यावा, असं घरच्यांचं मत आहे. आणखी सहा महिने असाच ढकलावा, असं तुमच्या मनात आहे.

तुम्ही दिलेले आकडे मी एकाच मापात आणले आहेत. नव्या कर्जाचा मासिक हप्ता म्हणजे १. त्या मापात दुरुस्तीचा अंदाज अडीच हप्ते, दुरुस्त होऊन नीट चालणाऱ्या ट्रकची किंमत ८, आजच्या अवस्थेत मिळणारी किंमत ४ आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम ५. नव्या ट्रकसाठी आधी ६ हप्त्यांइतकी रक्कम रोख भरायची आणि पुढे ४८ महिने हप्ता.

घरच्यांचा आक्षेप असा की ट्रकच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा दुरुस्तीत घालणं वेडेपणा आहे. इथेच हिशेबाची गल्लत होते. दुरुस्तीची तुलना ट्रकच्या किमतीशी करायचीच नाही. दुरुस्ती केली नाही तर दर महिन्याला खिशातून काय जाईल, त्याच्याशी करायची. जुन्या ट्रकला इतर किरकोळ कामं निघतात, त्यासाठी महिना एक तृतीयांश हप्ता धरा. उलट बाजूला, कर्जाचा हप्ता पूर्ण वाया जात नाही, त्यातला काही भाग मुद्दल फेडतो. म्हणून व्याज आणि उतरती किंमत मिळून निम्माच हप्ता बुडीत धरू. इतकं कर्जाच्या बाजूने झुकतं माप देऊनही १५ महिन्यांत दोन्ही बाजू बरोबरीत येतात: अडीच अधिक पंधरा तृतीयांश म्हणजे साडेसात, आणि पंधरा गुणिले अर्धा म्हणजेही साडेसात. दुरुस्त झालेला ट्रक विकताना ४ हप्ते जास्त मिळवून देईल, हे तर मी यात धरलेलंच नाही.

म्हणजे खरा प्रश्न एवढाच उरतो: चेन बदलल्यावर हा ट्रक आणखी १५ महिने चालेल का? त्याचं उत्तर कागदावर मिळणार नाही, इंजिनाकडून घ्यावं लागेल. अडीच हप्ते घालण्याआधी तीन तपासण्या करून घ्या. तिन्ही मिळून अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पहिली चेनचीच. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा, कॅमशाफ्टवर चालणारा भाग) कॅप काढा; आत फिरतो तो रोटर. क्रँकच्या पुलीच्या मधल्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने एका दिशेने फिरवा आणि खूण शून्यावर आली की थांबा. आता अगदी सावकाश उलट फिरवायला लागा, नजर रोटरवर ठेवून. पुली सरकत जाते आणि रोटर मात्र ढिम्म असतो, तेवढा ढिलेपणा चेनमध्ये आहे. रोटर जिथे हलला तिथे पुलीवर किती अंश झाले ते वाचा. ५ अंशांच्या आत असेल तर चेन ठीक आहे आणि तुमचं दुखणं दुसरीकडे आहे. १० किंवा जास्त असेल तर बदलायचीच. चेन ‘ताणली’ म्हणतात, पण पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात आणि ती बारीक बारीक झीज मिळून चेन लांब होते. त्यामुळे कॅमशाफ्ट मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा मिटतात आणि कमी आरपीएमवरची ओढ जाते.

दुसरी तपासणी कॉम्प्रेशनची (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याची), आणि हिचा अर्थ लावताना हमखास चूक होते. सैल चेनमुळे सगळ्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन थोडं उतरतं. आकडे कमी दिसले म्हणून इंजिन संपलं असं ठरवू नका. सिलिंडरांमधला फरक बघा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात २५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर दुखणं चेनपलीकडे गेलेलं आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. तिसरी तपासणी इंजिन पूर्ण गरम असताना ऑइल प्रेशरची, वेगळा मीटर लावून. दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय (दाबाचं माप) मिळायला हवं.

आता ‘सहा महिने ढकलू’ याबद्दल. माझ्या मते सगळ्या पर्यायांत हा सर्वांत महाग आहे. त्या काळातल्या बऱ्याच इंजिनांत आवाज कमी व्हावा म्हणून कॅमच्या गिअरला नायलॉनचे दात दिलेले असत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने नायलॉन ठिसूळ होतं, दात तुटतात आणि तुकडे चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) पडून ऑइल पंपाच्या जाळीला चिकटतात. जाळी तुंबली की बेअरिंगला तेल मिळत नाही, आणि मग अडीच हप्त्यांचं काम राहत नाही. दुसरा धोका चेन दात सोडण्याचा. कॅमच्या गिअरला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. तेवढ्याने इंजिन कार्ब्युरेटरमधून भडके मारतं किंवा स्टार्टच होत नाही. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात का, हे त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आदळत असतील तर चेन तुटल्यावर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. पुढच्या वेळी तेल बदलताना ते स्वच्छ फडक्यातून गाळा. नायलॉन चुंबकाला लागत नाही. फिकट किंवा तपकिरी कपचे डोळ्यांनीच शोधावे लागतात. सापडले तर त्या दिवसापासून ट्रक उभा करा.

खर्च कुठे वाचवायचा आणि कुठे नाही? अंदाजपत्रकात मजुरी दीड हप्त्याहून जास्त आहे आणि चेन-गिअरचा सेट जेमतेम पाव हप्ता. सेटमध्ये काटकसर करून काहीच हाती लागत नाही. पोलादी गिअर आणि दुहेरी रोलर चेन घ्या; आवाज किंचित वाढेल, पण तुटायला नायलॉन राहणार नाही. जुन्या गिअरवर नवी चेन कुणी सुचवली तर साफ नकार द्या. झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही आणि लवकर खराब होते. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होसपाइप, पट्टे आणि पुढचं ऑइल सील याच वेळी बदला, कारण ते सगळं तसंही उतरवावं लागणार आहे. पुढे वेगळं केलं तर तीच मजुरी पुन्हा.

हे काम स्वतः केलं तर मजुरी वाचते, हे खरं. हात सरावलेला असेल तर दोन पूर्ण दिवस धरा. पुली ओढून काढायचा पुलर भाड्याने आणा, आणि तो पुलीच्या मधल्या भागाच्या बोल्टांवर बसणारा हवा. पुलीच्या बाहेरच्या कड्याला हूक लावून ओढलं तर मधलं रबर फाटतं. बसवतानाही हातोडी मारायची नाही, थ्रस्ट बेअरिंग खराब होतं. स्क्रूने दाबून बसवायचं साधन मिळतं ते वापरा. दोन्ही गिअरच्या खुणा समोरासमोर आणूनच जुनी चेन काढा. ती निघाली की क्रँक किंवा कॅम फिरवू नका. खुणा तशाच समोरासमोर ठेवून नवा सेट चढवा, मग हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. काही इंजिनांत खुणा समोरासमोर असताना पहिला सिलिंडर फायरिंगवर नसतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर बसवण्यापूर्वी खात्री करा. चेनवरचं कव्हर काढताना उरलेलं कूलंट चेंबरमध्ये उतरतंच. तेल आणि फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. शेवटी इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नव्याने लावा, नाहीतर जुन्या ढिल्या चेनला जुळवलेलं टायमिंग आता पुढे गेलेलं असेल.

अंदाजपत्रक फुगतं ते बोल्टांमुळे. कव्हरचे काही बोल्ट पाण्याच्या वाटेतून जातात, गंजून घट्ट बसतात आणि पाना लावताच तुटतात. चार दिवस आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारायला सांगा. काम देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: तुटलेला बोल्ट काढायचे किती, चेंबर उतरवावं लागलं तर किती (काही ट्रकांत त्यासाठी इंजिन उचलावं लागतं), आणि कव्हरमधून गळती लागली तर पुन्हा उघडायची मजुरी कोणाची. तुमची वरची मर्यादा साडेतीन हप्ते ठेवा. त्यापुढे आकडा गेला तर काम थांबवून फोन करायला सांगा, आणि हे चावी देतानाच सांगा.

पैसे तुमच्याच गंगाजळीतून द्या, दुरुस्तीसाठी कर्ज नको. पाचातले अडीच उरतील. महिन्याला एक हप्ता झेपेल असं तुम्हीच लिहिलं आहे, तर त्यातला निम्मा दर महिन्याला परत टाका. पाच महिन्यांत गंगाजळी पूर्ववत होईल. उरलेल्या निम्म्यातून ट्रकची किरकोळ कामं भागतील.

तपासण्यांत सिलिंडरांमधली तफावत मोठी निघाली किंवा गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर कमी आलं, तर मात्र चेनला हात लावू नका. त्या इंजिनात अडीच हप्ते घालून १५ महिने मिळणार नाहीत. तेव्हा घरच्यांचा सल्ला बरोबर: मोजलेले आकडे गिऱ्हाइकाला दाखवून ट्रक आहे तसा ४ हप्त्यांना विका. रोख भरण्यासाठी २ कमी पडतील, ते गंगाजळीतून घ्या. मग हाताशी ३ उरतील आणि दर महिन्याचा पूर्ण हप्ता कर्जाला जाईल, म्हणून हा व्यवहार करण्याआधी तीन महिने तेवढी रक्कम बाजूला काढून घर चालतंय का, ते बघून घ्या. तोवर ट्रक फक्त जवळच्या फेऱ्यांना काढा आणि माल निम्माच भरा.